मिनिटकाकूंचा उजवा डोळा

घड्याळाच्या दुकानात कुणीही शिरलं की काकू मान वर न करता एकच उत्तर द्यायच्या, "एक मिनिट!" मग ते मिनिट कधी अर्ध्या तासाचं व्हायचं, कधी पंधरवड्याचं. एका मास्तरांचं गजराचं घड्याळ या एका मिनिटात पावणेदोन महिने पडून होतं. तेव्हापासून सगळी गल्ली त्यांना मिनिटकाकू म्हणायला लागली. पण कामाला नाव ठेवायला जागा नव्हती हो! चौतीस वर्षांत त्यांच्या हातून गेलेली चार-पाच घड्याळंच परत आली असतील, त्यातली दोन तर मालकांनी पाण्यात बुडवलेली.

दुकान म्हणजे केवढं, तर दोन माणसं शिरली की तिसऱ्यानं बाहेर थांबायचं. काचेचं एक कपाट, भिंतीवर टांगलेली घड्याळं (सगळ्यांची वेळ वेगळी, कारण ती आजारी), खिडकीशी एक उंच टेबल, त्यावर पांढरा कागद, चिमटे, केसाएवढे स्क्रू ठेवायची झाकणं आणि तेलाची बारकी बाटली. आणि ड्रॉवरमध्ये पत्र्याच्या डबीत ते भिंग. काळी, अंगठ्याएवढी जाड नळी, एका तोंडाला काच, वर ती काच धरून ठेवणारी, फिरवून उघडायची आट्यांची कडी. हे हातात नाही धरायचं. भुवई आणि गाल यांच्यामध्ये, डोळ्याच्या खोबणीत चिमटून बसवायचं, म्हणजे दोन्ही हात कामाला मोकळे. काकू ते उजव्या डोळ्याला लावायच्या. इतकी वर्षं लावून लावून त्या डोळ्याभोवती गोल वळ उठला होता, तो झोपेतसुद्धा जायचा नाही.

हे काम त्यांना सासऱ्यांनी शिकवलं. मामंजींना मुलगे दोन, पण दोघांना घड्याळ उघडता यायचं, बंद करता यायचं नाही. शेवटी वैतागून त्यांनी मुलांना नोकऱ्यांना पिटाळलं आणि दोन्ही सुनांना टेबलाशी बसवलं. थोरली म्हणजे काकू, आणि सहा वर्षांनी आलेली धाकटी. दोघींना शिकताना आपल्या भिंगाच्याच मापाची दोन साधी भिंगं आणून दिली, आपलं जुनं स्वतःकडे ठेवलं. आणि पहिल्याच दिवशी दुकानाची एक रीत सांगितली. घड्याळ दुरुस्त केलं की मागच्या झाकणाच्या आत सुईनं आपली खूण आणि तारीख कोरायची. मामंजींचं बारीक वर्तुळ, काकूंची फुली, धाकटीच्या दोन उभ्या रेघा. पुढे कधी कुणी झाकण उघडलं, तर कुणाचा हात लागला होता ते कळावं. मामंजी म्हणायचे, "काम केलंय ना? मग खूण करा. लपवाछपवी चोरांनी करावी."

मामंजी गेले, आणि त्या जुन्या भिंगावरून दोन्ही जावांचं फाटलं.

काकूंचं म्हणणं, माझं भिंग दहा वर्षांपूर्वी गटारात पडलं, तेव्हापासून मामंजी आपलंच मला वापरायला देत होते, म्हणजे ते माझं. धाकटीचं म्हणणं, शेवटच्या आठवड्यात त्यांनी ते माझ्या हातात ठेवलं, म्हणजे ते माझं. शब्दाला शब्द लागला, एकीनं ओढलं, दुसरीनं खेचलं, आणि काकूंच्या हातून भिंग निसटून टेबलाखाली गेलं. काकू पाय आपटत घरी निघून आल्या. रात्रभर त्यांना धाकधूक, की फुटलं असेल का. सकाळी येऊन डबी उघडली तर भिंग धडधाकट! नशीब, म्हणून त्यांनी ते डोळ्याला लावलं आणि कामाला बसल्या.

तेव्हापासून चार वर्षं दोघींचं बोलणं बंद. काकांनी, म्हणजे काकूंच्या नवऱ्यानं, कसाबसा तोडगा काढला. सकाळी नऊ ते दोन टेबल थोरलीचं, दोन ते आठ धाकटीचं, भिंग डबीत राहील. घर एकच, काकू खाली, धाकटी वर. पण काकू दोनला पाच कमी असताना मागच्या दारानं निघायच्या आणि धाकटी दोनला पुढच्या दारानं शिरायची. जिन्यावर चपलांचा आवाज आला की एकीनं थांबायचं. चार वर्षांत एकमेकींचं तोंड पाहिलं नाही म्हणतात ना, ते इथे खरोखरच पाहिलं नव्हतं. दुसरं भिंग घ्यावं हे दोघींच्याही मनात आलं नाही, कारण जी नवं घेईल तिनं जुन्यावर पाणी सोडलं असा अर्थ व्हायचा. आणि काकूंचा खरा जळफळाट पुढेच होता. "तिचं स्वतःचं भिंग आहे की! मामंजींनी दिलेलं! ते कपाटात कुजवायचं आणि माझ्या भिंगावर हक्क सांगायचा!" हे त्या काकांना दर आठ दिवसांनी ऐकवायच्या, आणि वर बजावायच्या, "या घरात तिचं नाव काढायचं नाही."

एका सकाळी काकू उठल्या तर उजवा डोळा उघडेना. पिवळट चिपडांनी पापण्या चिकटून बसलेल्या. कोमट पाण्यानं धुवून उघडला, तर आत लालभडक, आणि वाळू गेल्यासारखं खुपतंय. काका म्हणाले, "डोळे आलेत." काकू म्हणाल्या, "डोळे कुठले, एकच आलाय."

डोळ्यांच्या डॉक्टरीणबाईंनी बॅटरी मारून पाहिलं. "जंतुसंसर्ग आहे. हे अँटिबायोटिकचे थेंब. दिवसातून चार वेळा, सात दिवस. दोन दिवसांत बरं वाटेल, पण म्हणून थांबवायचं नाही. बाटलीचं टोक डोळ्याला लावायचं नाही. टॉवेल, उशी, रुमाल वेगळे. आणि बाटली दुसऱ्या कुणाला द्यायची नाही."

"दुकानात बसू ना?"

"डोळ्याला विश्रांती द्या चार दिवस."

काकूंनी मान डोलावली आणि दुसऱ्या दिवशी नऊच्या ठोक्याला टेबलाशी हजर! कारण साधं होतं. आपण चार दिवस बसलो नाही तर धाकटी सकाळीही येऊन बसेल, आणि मग टेबलही तिचं, भिंगही तिचं. आपलं नाक कापून दुसऱ्याला अपशकुन करायचा, तो असा.

आता थेंबांची कथा ऐका. ज्या बाईचा हात सुईच्या टोकावर तेलाचा थेंब घेऊन मोहरीएवढ्या खड्ड्यात अचूक सोडतो, तिला स्वतःच्या डोळ्यात थेंब घालता येईना. बाटली जवळ आली की पापणी गच्च मिटायची. मग काम काकांकडे आलं. काका टपाल खात्यात तीस वर्षं शिक्के मारून निवृत्त झालेले. कुठेही उमटला तरी शिक्का पडला, असं मानणारा तो हात. पहिला थेंब भुवईवर, दुसरा गालावर, तिसरा कानात. "झालं!" म्हणून काका मोकळे. "अहो, डोळा इथे आहे!" काकू ओरडायच्या. चार थेंबांतला एक आत जायचा. पण तेवढ्यानंही तिसऱ्या दिवशी डोळा स्वच्छ झाला, आणि काकूंनी बाटली बंद करून फडताळात ठेवली. पुढच्या वेळी होईल उपयोगी. तुम्ही-आम्हीही हेच करतो, उगाच काकूंना कशाला हसा.

दहा दिवसांत डोळा पुन्हा आला.

डॉक्टरीणबाई रागावल्या. मध्येच सोडलंत म्हणून झालं, म्हणाल्या, आणि नवी बाटली लिहून दिली. या वेळी काकूंनी कॅलेंडरवर खुणा करून सात दिवस पुरे केले, काकांनाही आरशासमोर उभं करून नेम धरायला शिकवलं. डोळा मोत्यासारखा स्वच्छ झाला. आठवा दिवस गेला, नववा गेला, आणि दहाव्या सकाळी पापण्या पुन्हा चिकटलेल्या.

आता मात्र काकू घाबरल्या. डॉक्टरीणबाईंनी बराच वेळ डोळा तपासला आणि शांतपणे म्हणाल्या, "हे पुन्हा पुन्हा होणं बरं नाही. अजून बुबुळाला काही झालेलं नाही, पण तिथवर गेलं तर नजरेवर परिणाम होऊ शकतो. तुमच्या घरातून किंवा कामातून कुठून तरी हे परत येतंय. शोधून काढा."

त्या दिवशी दुकानात काकूंनी एक मनगटी घड्याळ उघडलं आणि आतली स्प्रिंग त्यांना धूसर दिसली. उजवा डोळा गेला तर? डाव्यानं त्यांनी आयुष्यात एक स्क्रू काढला नव्हता. अठ्ठावन्नाव्या वर्षी डोळा शिकवता थोडाच येतो! नवऱ्याशी भांडता येतं, जावेशी अबोला धरता येतो, पण टेबलाशिवाय दिवस कसा काढायचा हे काकूंना माहीतच नव्हतं. त्यांना रडू आलं, आणि रडल्यानं डोळा आणखीच चुरचुरला.

माणूस घाबरलं की कुणावर तरी उखडतं. काकू तडक कोपऱ्यावरच्या औषधवाल्याकडे गेल्या आणि बाटली त्याच्यासमोर आपटली.

"पाणी भरून विकता का हो?"

औषधवाला पन्नाशीचा, थंड डोक्याचा माणूस. त्यानं बाटली उचलून तारीख पाहिली. "औषध बरोबर आहे काकू. डोळा बरा होतो ना?"

"होतो. आणि परत येतो."

"मग औषधाचा काय दोष? टॉवेल कुणी वापरतं?"

"वेगळा आहे."

"उशी? रुमाल? काजळ-बिजळ?"

"या वयात काजळ! घरात मी आणि हे, दोघंच. ह्यांचे डोळे ठणठणीत."

औषधवाल्यानं काकूंच्या चेहऱ्याकडे नीट पाहिलं. मग स्वतःच्या उजव्या डोळ्याभोवती बोट फिरवत विचारलं, "हा वळ कसला?"

"भिंगाचा. कामाचं भिंग लावते मी."

"ते तुम्ही एकट्याच लावता?"

काकूंचा हात आपोआप डोळ्याभोवतीच्या वळाकडे गेला.

"कारण बघा," औषधवाला म्हणाला, "महिनाभर सकाळी एक लाल डोळा माझ्याकडे येतो, आणि रात्री दुकान बंद करताना दुसरा येतो. दोन्ही उजवे. दोन्हींभोवती असाच वळ. मी नाव घेत नाही कुणाचं, पण तुम्हाला कळलं असेल. तुम्ही बऱ्या झालात की भिंगावरून तिच्याकडचं तुम्हाला, ती बरी झाली की तुमच्याकडचं तिला. असं आयुष्यभर चालेल. दोघींनी एकाच वेळी थेंब घाला, सात दिवस दुकान बंद ठेवा, आणि ते भिंग उघडून आतून-बाहेरून स्पिरिटनं पुसा. मग पुन्हा आलं तर सरळ डॉक्टरांकडे जा. माझ्याकडे येऊन बाटल्या आपटू नका."

काकू घरी आल्या त्या काकांवर तुटून पडल्या. "धाकटीचा डोळा आलाय?"

"महिना झाला," काका म्हणाले.

"आणि मला सांगितलं नाहीत?"

"तूच म्हणालीस ना, या घरात तिचं नाव काढायचं नाही."

काकूंनी कपाळावर हात मारला आणि स्पिरिटची बाटली घेऊन दुकानाकडे निघाल्या. मनात आलं, भिंग पुसू, काकांकरवी वर निरोप पाठवू, सात दिवस दोघी घरी बसू, संपलं. बोलायची काही गरज नाही.

त्यांनी डबीतून भिंग काढलं आणि वरची कडी फिरवायला पकड घेतली. मामंजींच्या हातची ती कडी, वर्षानुवर्षं कुणी उघडली नव्हती, गच्च बसली असणार. पण कडी अर्ध्या फेऱ्यात सुटून हातात आली. काकू चमकल्या. गच्च बसलेली वस्तू इतकी सहज सुटत नाही. कुणीतरी आधी उघडली होती, आणि तेलाचं बोट लावून नीट बसवली होती.

त्यांनी नळी उजेडात धरून डाव्या डोळ्यानं आत पाहिलं. आत मामंजींचं बारीक वर्तुळ होतं, शेजारी चाळीस वर्षांपूर्वीची तारीख. आणि त्याखाली दोन उभ्या रेघा. त्यांच्याही शेजारी तारीख होती. ती काकूंनी दोनदा वाचली. भांडणाचा तोच दिवस.

मग त्यांनी काच तळहातावर घेतली. काठाला एका जागी टवका उडालेला होता. हा टवका काकूंच्या ओळखीचा होता. धाकटी नवीन असताना तिचं भिंग पहिल्याच महिन्यात फरशीवर पडलं होतं आणि ती भेदरून रडली होती. काकूंनीच तेव्हा तिच्या पाठीवरून हात फिरवला होता. "काठालाच गेलाय गं, मधून दिसतं स्वच्छ. मामंजींना नाही सांगत मी." आणि खरंच कधी सांगितलं नव्हतं.

म्हणजे मामंजींची काच त्या संध्याकाळी काकूंच्याच हातून फुटली होती. आणि धाकटीनं मागे थांबून स्वतःच्या भिंगाची काच काढून यात बसवली होती. तिचं भिंग कपाटात कुजत नव्हतं, त्याची नुसती पोकळ नळी उरली होती. चार वर्षं काकू जे जे घड्याळ पाहत होत्या, ते धाकटीच्या काचेतून पाहत होत्या, आणि दर आठ दिवसांनी तिलाच शिव्या घालत होत्या.

काकूंना लाज वाटली. एवढी लाज त्यांना कधी कुणासमोर वाटली नव्हती, आणि समोर तर कुणीच नव्हतं. मग त्यांनी काच पुसली, नळी पुसली, कडी पुसली. बसवण्याआधी सुई घेतली आणि दोन रेघांच्या खाली एक फुली कोरली, आजची तारीख घातली. काम केलं होतं, तर खूण करायला हवीच.

चार वर्षांत पहिल्यांदा त्या वरच्या मजल्याचा जिना चढल्या. एका हातात पत्र्याची डबी, दुसऱ्यात थेंबांची बाटली. दार उघडंच होतं. धाकटी खिडकीशी खुर्चीवर मान मागे टाकून बसली होती, एका हातानं पापणी ओढत, दुसऱ्यानं बाटली धरत, आणि थेंब गालावरून ओघळत होता. दीर बसवर ड्रायव्हर, पहाटेच गेलेले. हिला थेंब घालायला शिक्का मारणारासुद्धा कुणी नव्हतं.

आवाज ऐकून तिनं मान सरळ केली. काकूंनी पाहिलं, तिचे कानाजवळचे केस पांढरे झाले होते. कधी झाले, कुणास ठाऊक.

काकूंनी बोलण्याची जुळवाजुळव केली होती, पण तोंडातून भलतंच निघालं. "मला घालता येत नाहीत थेंब. घालतेस का?"

धाकटी मग उठली, साबणानं हात धुवून आली आणि खुर्ची पुढे ओढली. "बसा. आणि बाटली तुमचीच द्या. एकीची दुसरीला चालत नाही."

"ठाऊक आहे. मलाही सांगितलंय."

काकू बसल्या आणि डबी मांडीवर धरली. "धाकटे, मी भिंग उघडलं."

धाकटीचा हात थांबला. "आज?"

"आत्ता. सांगितलं का नाहीस गं मला?"

"काय सांगू? तुम्ही पाय आपटत गेलात, मी टेबलाखाली वाकले तर काचेचे तुकडे. मामंजींना जाऊन पंधरा दिवस झालेले. त्यांचं भिंग आपल्या हातून फुटलं हे तुम्ही सकाळी येऊन पाहिलं असतंत, तर पुन्हा टेबलाशी बसला असता का? मला ठाऊक नाही का तुमचा स्वभाव!"

"अगं, पण नंतर? चार वर्षं?"

"बोलत होता का माझ्याशी?" धाकटीचा आवाज चढला. "खूण केली होती की मी. रीतसर, तारखेसकट. म्हटलं, आज ना उद्या साफ करायला उघडतील, तेव्हा दिसेल. महिना गेला, वर्ष गेलं. चार वर्षांत एकदा भिंग साफ केलं नाहीत हो तुम्ही! रोज दोन वाजता डबी उघडून पाहत होते, कडी हलली आहे का. मिनिटकाकू ना तुम्ही, तुमचं एक मिनिट म्हणजे काय, हे मलाच कळायला हवं होतं."

काकूंना हसूही आलं आणि रडूही आलं. "चुकले गं मी," त्या म्हणाल्या. "फार चुकले."

"मान मागे करा. वर छताकडे बघा."

धाकटीनं डाव्या बोटानं खालची पापणी ओढली. तिचा हात तसूभर हलला नाही, तोच हात, मामंजींनी घडवलेला. बाटलीचं टोक कुठेही न टेकता एकच थेंब नेमका मध्ये पडला, गार. काकूंनी डोळा मिटला, आणि मिटलेल्या पापणीखालून थेंबासकट सगळं वाहून गालावर आलं.

"गेलं वाया," धाकटी म्हणाली. "रडू नका. औषध ठरत नाही आत."

"नाही रडत. घाल परत."

तिनं परत घातला. या वेळी काकू दात-ओठ खाऊन स्थिर राहिल्या. धाकटीनं नाकाजवळचा डोळ्याचा कोपरा हलक्या बोटानं दाबून धरला, डॉक्टरीणबाईंनी सांगितलं होतं तसं, भिंतीवरच्या घड्याळाकडे बघत, पुरता वेळ मोजून.

मग काकू उठल्या, हात धुऊन आल्या. धाकटीची बाटली टेबलावर होती, ती त्यांनी उचलली आणि रिकाम्या खुर्चीकडे बोट दाखवलं.

"चल, आता तू बस. मान वर कर."

धाकटी खुर्चीत बसली खरी, पण मान वर करेना. पदरानं तोंड झाकून ती तशीच बसून राहिली, आणि तिचे खांदे हलत होते.

"अगं, घालू ना?"

"एक मिनिट," धाकटी म्हणाली.